यामाकोशीची आडवाट

(मंडळाच्या २०२५ च्या कोजागरी कार्यक्रमात 'माझी भटकंती' या सत्रात केलेलं भाषण. अंकासाठी थोडं आवरतं घेतलं आहे.)



माझ्या आधीच्या वक्त्यांनी तुम्हाला होक्काइदोची लॅव्हेंडरची शेतं दाखवली, ओकिनावाचा समुद्र दाखवला. आता मी तुम्हाला जिथे नेणार आहे तिथे ना फुलांची शेतं आहेत, ना समुद्र. वळणावळणाचे अरुंद रस्ते, दरडी, तळी आणि मातीत रुतलेली दोन घरं, एवढंच. त्यामुळे मसाला दूध संपेपर्यंत तरी बसून राहा, ही विनंती!

झालं असं, की यंदा गोल्डन वीकला आम्ही कुठलंच बुकिंग केलं नव्हतं. आयत्या वेळी सगळी हॉटेलं भरलेली. आमची ही म्हणाली, "गाडी काढा आणि जिकडे गर्दी नाही तिकडे चला." मुलगी सहावीत आहे. तिला शाळेत भूकंपावर काहीतरी प्रोजेक्ट करायचा होता. नकाशा बघता बघता निइगाता प्रांतातल्या यामाकोशीवर बोट गेलं. दोन्ही कामं होतील, म्हणून निघालो.

कानएत्सु एक्स्प्रेसवेवर पहाटे पाचला लागलो, तरी ट्रॅफिक जॅम लागायचा तो लागलाच. कानएत्सुचा अकरा किलोमीटरचा बोगदा ओलांडला की हवा बदलते. मे महिना असूनही डोंगरांवर बर्फ शिल्लक. आणखी एक गंमत दिसते. गावातले रस्ते तांबूस, गंजल्यासारखे. मुलीनं विचारलं तेव्हा मलाही सांगता आलं नाही, नंतर कळलं. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्याच्या मधोमध पाइप टाकून भूगर्भातलं पाणी फवारतात. त्या पाण्यातल्या लोहामुळे रस्ते लाल होतात. ही पाइपची युक्ती नागाओका शहरातलीच.

कोइदेला एक्स्प्रेसवे सोडला आणि २९१ क्रमांकाचा रस्ता धरला. नावाला राष्ट्रीय महामार्ग. पण आपल्याकडचा घाटातला जिल्हा परिषदेचा रस्ता आठवावा, असा. समोरून छोटा पांढरा ट्रक आला की कुणीतरी एकानं मागं जायचं. प्रत्येक वळणावर नारिंगी खांबावरचा गोल आरसा. त्यात बघत बघत पुढे सरकायचं. हिची सगळी स्तोत्रं म्हणून झाली.

या वाटेवर नाकायामा बोगदा लागतो. आता गाड्या नव्या बोगद्यातून जातात, तो १९९८ मध्ये झाला. पण त्याच्या शेजारी जुना बोगदा जपून ठेवलाय. तो जरूर बघा. कोमात्सुगुरा ही छोटीशी वाडी. हिवाळ्यात चार-चार मीटर बर्फ. डॉक्टरकडे जायचं तर आजाऱ्याला पाठीवर घेऊन खिंड ओलांडावी लागायची, आणि काही जण वाटेतच जायचे. शेवटी १९३३ मध्ये लोकांनी ठरवलं, आपणच डोंगर खणायचा. कुदळीनं! मध्ये युद्ध आलं, काम थांबलं, पुन्हा सुरू झालं, आणि १९४९ मध्ये बोगदा आरपार झाला. सोळा वर्षं, लांबी जवळजवळ ९०० मीटर. माणसांनी हातानं खणलेला जपानमधला सर्वांत लांब रस्त्याचा बोगदा म्हणून तो ओळखला जातो. आपल्याला बिहारचे दशरथ मांझी आठवतात ना, तसंच. फक्त इथे अख्खी वाडी मांझी झाली होती. आत थोडं अंतर चालता येतं. भिंतीवर कुदळीचे घाव अजून दिसतात. मुलीनं त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बाबा, हे सगळं फक्त रस्त्यासाठी?"

फक्त रस्त्यासाठी. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट रस्त्याचीच आहे.

२३ ऑक्टोबर २००४, शनिवार. संध्याकाळी ५ वाजून ५६ मिनिटांनी चुएत्सुचा भूकंप झाला. तीव्रता ६.८. जवळच्या कावागुची गावात जपानी मोजमापातली सर्वांत वरची पायरी, सात, नोंदली गेली. धावती शिनकानसेन रुळांवरून घसरली. १९६४ पासून तोवर असं कधी झालं नव्हतं. सुदैवानं गाडीत कुणी दगावलं नाही. एकूण ६८ माणसं गेली.

यामाकोशीत मात्र वेगळंच संकट होतं. तीनच दिवसांपूर्वी वादळाचा पाऊस झाला होता. तिथले डोंगर ठिसूळ, पाणी प्यायलेले. भूकंपानं ते अक्षरशः वाहून आले. साऱ्या भागात तीन हजारांवर ठिकाणी दरडी कोसळल्या. गावाला चौदा वाड्या, माणसं साधारण २,२००. बाहेर जाणारा एकूण एक रस्ता तुटला. वीज नाही, फोन नाही. त्या वेळचे सरपंच म्हणा, ग्रामप्रमुख म्हणा, नागाशिमा तादायोशी यांनी निर्णय घेतला, की अख्खं गाव खाली करायचं. २५ ऑक्टोबरपर्यंत सगळ्यांना हेलिकॉप्टरनं नागाओकाला हलवलं. पुढे तिथले झुंजीचे बैलसुद्धा हेलिकॉप्टरला टांगून बाहेर काढले!

बैलांचं सांगायला हवं. यामाकोशीत बैलांच्या झुंजी होतात, 'त्सुनोत्सुकी' म्हणतात. पण त्यात हार-जीत नसते. बैल रंगात आले की माणसं मध्ये पडून त्यांना सोडवतात, आणि बरोबरी झाली असं मानतात. बैल घरच्यासारखा, त्याला हरलेला कसा बघायचा? आमच्या मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे लगेच पटेल. आम्ही गेलो त्या दिवशी झुंज नव्हती. ती मे ते नोव्हेंबरमध्ये ठरावीक दिवशी असते, आधी बघून जा.

बोगदा ओलांडून खाली उतरलो की कोगोमो नावाची वाडी लागते. इथे गाडी थांबवून उतरलोच पाहिजे. भूकंपात ही वाडी तशी उभी होती. पण खाली इमोगावा नदीवर दरड पडून नैसर्गिक धरण तयार झालं. पाणी हळूहळू चढत गेलं आणि माणसं नसलेल्या घरांत शिरलं. पाणी उतरलं तेव्हा मागे गाळ राहिला. त्यातली घरं मुद्दाम तशीच ठेवलीत. छपरापर्यंत मातीत रुतलेली, लाकडं काळी पडलेली, बाजूनं गवत वाढलेलं. शेजारी छोटंसं दुकान आहे, तिथे रानभाज्या आणि हातानं केलेल्या वस्तू मिळतात. कुंपण नाही, तिकीट नाही. येणाऱ्यानं बघायचं, थोडा वेळ उभं राहायचं आणि जायचं.

मी उभा राहिलो आणि मला काही सुचेना.

मंडळी, इथे मला थोडं मागं जावं लागेल. तुम्हा बहुतेकांना मी 'लातूरकडचा' म्हणून माहीत आहे. लातूर म्हटलं की कुणीतरी 'लातूर पॅटर्न' म्हणतं, मी हसतो आणि विषय संपतो. आमचं गाव किल्लारीपासून सात-आठ किलोमीटरवर, तेरणेच्या खोऱ्यात. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो.

यामाकोशीत डोंगर आणि रस्ते कोसळले. आमच्याकडे घरांनी माणसं मारली. दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर लाकडं आणि मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात थंडगार. आमच्या काळ्या दगडाच्या पठारावर एवढा मोठा भूकंप होईल असं कुणाला वाटलंच नव्हतं. आठ ते दहा हजार माणसं गेली, बहुतेक झोपेतच.

आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. मोठी पोरं मांडवातच झोपणार होती, मीही हट्टानं राहिलो. धाकटी बहीण मागे लागली होती, मलाही इथंच झोपायचं म्हणून. नऊ वर्षांची होती. मी म्हणालो, "तू लहान आहेस, घरी जा." आजीनं तिला हाताला धरून नेलं. सकाळी दोघी एकाच ठिकाणी सापडल्या.

आई-वडील वाचले, कारण ते शेतात होते. हे सगळं माझ्या बायकोला माहीत आहे. मुलीला माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं, की बाबांच्या गावाला 'एकदा भूकंप झाला होता'. दर सप्टेंबरला शाळेत सराव होतो, ती गादीची टोपी डोक्यावर घालून टेबलाखाली बसते, घरी येऊन मजेनं सांगते. मी 'छान' म्हणतो आणि दुसऱ्या खोलीत जातो. असं इतकी वर्षं चाललेलं.

असो. कोगोमोहून पुढे आम्ही मुख्य रस्ता सोडला. नकाशात एक बारीक रेघ वर जाताना दिसत होती. सिमेंटचा चढ, कडेला गवत, एका ठिकाणी दरड थोपवायला बसवलेल्या लोखंडी जाळ्या आणि सिमेंटच्या चौकटी. वर पोहोचलो आणि तिघंही गप्प झालो. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं, त्यातली निम्मी शेतं नव्हेतच, तळी! ते रंगीत कोई मासे, निशिकीगोई, जे आपण बागांतून बघतो, त्यांचं मूळ या यामाकोशी-ओजिया भागात आहे. भाताच्या पाण्यासाठी साठवलेल्या तळ्यांत खायला म्हणून कार्प पाळायचे. एकोणिसाव्या शतकात त्यात कधी रंगीत निपजले, ते लोकांनी निवडून वाढवले, आणि आज ते जगभर जातात. (एक सूचना: तळ्याच्या बांधावर चढू नका, पाण्यात काही टाकू नका. ती कुणाची तरी खाजगी मिळकत असते, आणि एखाद्या माशाची किंमत आपल्या गाडीपेक्षा जास्त असू शकते!)

एका तळ्यापाशी गमबूट घातलेले एक आजोबा पाइप जोडत होते. आम्ही वाट चुकलोय असं त्यांना वाटलं. मुलीनं सांगितलं, चुकलो नाही, मुद्दाम आलोय, शाळेचा भूकंपाचा प्रोजेक्ट आहे. मग काय, आजोबा खुलले. पाइप बाजूला ठेवला आणि बांधावर बसून सांगायला लागले.

भूकंप झाला तो तळ्यांतले मासे बाहेर काढायचा हंगाम. तळी फुटली, मासे चिखलात. ते स्वतः तीन वर्षं नागाओकाला तात्पुरत्या घरात राहिले. पण तिथे शेजारी सगळे वाडीतलेच होते. यामागे कारण आहे. १९९५ च्या कोबेच्या भूकंपानंतर तात्पुरती घरं बरीचशी सोडत काढून दिली होती. शेजार तुटला, आणि कित्येक म्हातारी माणसं एकटी असताना मेली, कुणाला कळलंसुद्धा नाही. तो धडा घेऊन यामाकोशीच्या लोकांना वाडीवार घरं दिली. घोषणा एकच होती : 'काएरो, यामाकोशी ए', चला, यामाकोशीला परत जाऊ. दरम्यान एप्रिल २००५ मध्ये गाव कागदोपत्री नागाओका शहरात विलीनही झालं. पण लोकांनी परत जाण्याचा धोशा सोडला नाही. रस्ते बांधले गेले, काही नव्या जागेवरून, आणि २००७ च्या डिसेंबरपर्यंत तात्पुरती घरं रिकामी झाली. साधारण सत्तर टक्के कुटुंबं डोंगरावर परतली.

मी आजोबांना विचारलं, "इतक्या थोड्या लोकांसाठी एवढे रस्ते, बोगदे, पूल... कुणी नाही का म्हटलं नाही?" ते हसले. म्हणाले, "म्हणाले की. अजून म्हणतात. आता आम्ही आणखी कमी झालो." खरं आहे ते. आज यामाकोशीत आठशेपेक्षा कमी माणसं उरलीत, तीही बहुतेक वयस्क. हा प्रश्न नोतोमध्ये पुन्हा समोर आलाय. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपात तिथेही रस्ते तुटून वाड्या एकाकी पडल्या, आणि किती बांधायचं, कुणासाठी बांधायचं, यावर चर्चा चालू आहे. सोपं उत्तर कुणाकडेच नाही. आजोबांनीही दिलं नाही. ते एवढंच म्हणाले, "रस्ता नसता तर मी तळी बघायला आलो नसतो. तळी बघितली नसती तर मी शहरात नुसता टीव्ही बघत बसलो असतो."

मग त्यांनी विचारलं, तुम्ही कुठले? मी 'इंदो' म्हणालो, आणि का कोण जाणे, पुढे बोलून गेलो, की माझ्या गावालाही भूकंप झाला होता, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. ते चमकले. "आमचा ५ वाजून ५६," म्हणाले. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. नंतर त्यांनी विचारलं, "मग तुम्ही परत गेलात का?"

मी काय सांगणार? आमच्याकडे ५२ गावं उठवून नव्या जागी वसवली. वाईट हेतू नव्हता; देशभरातून, जगभरातून मदत आली, पक्की घरं मिळाली, ती मिळाली म्हणून आम्ही शिकलो. पण नवं गाव जुन्या गावापासून तीन किलोमीटरवर. सरळ आखलेले रुंद रस्ते, ओळीनं सारखी घरं. गल्ली गेली, वाडा गेला, पार गेला. माझ्या वडिलांनी पक्क्या घरासमोर पत्र्याचं शेड घातलं आणि कितीतरी वर्षं ते त्यातच झोपत. जुन्या गावाच्या जागी बाभळी उगवल्या. मी पुण्याला शिकायला गेलो, मग इकडे आलो. सुटीत नव्या गावात जातो, चार दिवस राहतो. जुन्या गावात मी एकदाही गेलेलो नाही.

"नाही गेलो," मी म्हणालो.

आजोबा माझ्याकडे न बघता मुलीकडे वळले. "तू बघितलंयस का बाबांचं गाव?"

ती म्हणाली, "नाही. मला माहीतच नव्हतं."

त्यानंतर आम्ही खाली 'ओरातारू'ला गेलो. हे २०१३ मध्ये सुरू झालेलं केंद्र. तिथल्या बोलीत नावाचा अर्थ 'आपली जागा'. डोंगरांचं मोठं मॉडेल आहे, त्यावर प्रकाश टाकून कुठे काय कोसळलं, रस्ते परत कसे झाले, ते दाखवतात. ज्यांना एकच ठिकाण बघायला वेळ आहे त्यांनी हे बघावं. यामाकोशीची खास मिरची मिळते, कागुरा नानबान, सुरकुतलेली ढोबळी मिरचीसारखी, पण तिखट! मिसोत घातलेली बाटली आणली. भाकरीबरोबर खाल्ली तर ठेच्याची आठवण येते. जपानी जेवण अळणी म्हणणाऱ्यांसाठी ही खास शिफारस.

गाडीत बसल्यावर मुलगी पुढच्या सीटवर आली. हिनं काही न बोलता मागची सीट घेतली. मुलीनं विचारलं, "बाबा, तू मला का नाही सांगितलंस?" मग मी पार्किंगमध्येच सगळं सांगितलं. मांडव, आजी, आणि मी 'घरी जा' म्हणालो ते. ते वाक्य मी आयुष्यात फक्त दोन माणसांना सांगितलंय. आज तुम्हाला सांगतोय. मला वाटलं होतं ती रडेल किंवा घाबरेल. तिनं विचारलं, "आत्याचं नाव काय होतं?" नाव सांगितलं. आमच्या घरात इतक्या वर्षांत ते कुणी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. तिनं प्रोजेक्टच्या वहीत ते लिहून घेतलं आणि विचारलं, "देवनागरीत बरोबर लिहिलंय का बघ." वेलांटी चुकली होती. ती दुरुस्त केली.

मंडळी, आपण सगळे भूकंपाच्या देशात राहतो. दारामागे पिशवी भरून ठेवतो. पाणी, बिस्किटं, बॅटरी, पासपोर्टच्या झेरॉक्स. ठेवत नसाल तर आज घरी जाऊन ठेवा, गादीखाली बूट ठेवा, काच फुटली तर उपयोगी पडतात. पण यामाकोशीच्या त्या आडवाटेवर मला कळलं, की पोरांना फक्त 'टेबलाखाली बस' सांगून पुरत नाही. आपल्याकडे काय झालं होतं, कोण गेलं, मागे कोण उरलं, हेही सांगावं लागतं. या लोकांनी मातीत रुतलेलं घर रस्त्याच्या कडेला तसंच ठेवलं, म्हणून माझ्या मुलीला विचारता आलं. मी माझं घर बाभळीत लपवून ठेवलं होतं.

आता जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. हिवाळ्यात बरेच छोटे रस्ते बंद असतात, काही मे उजाडला तरी उघडत नाहीत. निघण्यापूर्वी प्रांताची रस्त्यांची माहिती बघा. मोठी व्हॅन नेऊ नका, छोटी गाडी बरी. पेट्रोल एक्स्प्रेसवेवरून उतरताच भरा. पाऊस दोन-तीन दिवस सलग पडून गेला असेल तर दरडीच्या रस्त्यांचा नाद सोडा. 'बंद' अशी पाटी दिसली की परत फिरा, नेव्हिगेशन काहीही म्हणो. आणि कुणी आजोबा-आजी तळ्यावर, शेतावर दिसले तर दोन मिनिटं थांबा. ते बोलतात.

परत आल्यावर वडिलांना फोन केला. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. म्हटलं, अण्णा, डिसेंबरात येतोय, पोरीला जुनं गाव बघायचंय. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं लाइन कट झाली. मग म्हणाले, "रस्ता हाय, पर बाभळी लई माजल्यात. मी आधी गडी लावून वाट करून ठिवतो."

तिकिटं काढली आहेत. पुढच्या वर्षी संयोजकांनी पुन्हा बोलावलं, तर ते फोटो दाखवीन.